एकच प्रोसेसर, एकच सूचना, तरी कोड उलटा का दिसतो? असेंब्लीतल्या ‘इंटेल’ आणि ‘एटी अँड टी’ सिंटॅक्सचा घोळ समजून घ्या

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुणालाही मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलबद्दल विचारा. एक तक्रार हमखास ऐकू येते. पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला, तरी स्क्रीनवर एररची रांग लागली. मग इंटरनेटवरून दुसरा कोड उचलला. तो चालला, पण उत्तर भलतंच आलं. दोन संख्यांची बेरीज करायची होती आणि स्क्रीनवर आला कुठला तरी सात-आठ आकडी नंबर.

यात पुस्तक चुकलेलं नसतं आणि इंटरनेटवरचा कोडही चुकलेला नसतो. दोन्ही कोड एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले असतात, पण वेगवेगळ्या असेंब्लरसाठी. असेंब्लर बदलला की लिहिण्याची पद्धत बदलते. कधी हा बदल एवढा मोठा असतो की कोड चालतच नाही. कधी एवढा छोटा असतो की कोड चालतो आणि गुपचूप चुकीचं काम करतो. दुसरा प्रकार जास्त त्रासदायक.

हे फरक नेमके कोणते, ते कुठून आले आणि समोरचा कोड कोणत्या पद्धतीचा आहे हे कसं ओळखायचं, ते पाहूया.

(या लेखात सूचना देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये त्या रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात.)

असेंब्लर म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरला ‘ईएएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये ५ ठेव’ असं सांगायचं असेल, तर त्याच्यापर्यंत पाच बाइट पोहोचावे लागतात: बी८ ०५ ०० ०० ००. यातला पहिला बाइट म्हणजे हुकूम आणि उरलेले चार म्हणजे ५ हा आकडा.

असे आकडे लक्षात ठेवून प्रोग्रॅम लिहिणं माणसाला जड जातं. म्हणून प्रत्येक हुकुमाला एक छोटं नाव दिलं गेलं. हलवायचं तर मूव्ह, बेरीज करायची तर ॲड, वजाबाकी करायची तर सब, उडी मारायची तर जंप. या नावांत लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे असेंब्ली भाषेतला प्रोग्रॅम. त्याचे आकडे करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे असेंब्लर.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्यायला हवी. प्रोसेसर बनवणारी कंपनी आकडे ठरवते. नावं आणि मांडणी ही माणसांची सोय असते. प्रोसेसरला ‘मूव्ह’ हा शब्द माहीतच नसतो. त्यामुळे असेंब्लर लिहिणारा नावं आणि मांडणी आपल्याला हवी तशी ठरवू शकतो. शेवटी आकडे बरोबर निघाले की झालं.

एक चिप, दोन भाषा: ८०८० आणि झेड८०

याचं एक जुनं उदाहरण म्हणजे १९७४ सालचा इंटेल ८०८० आणि १९७६ साली आलेला झायलॉग कंपनीचा झेड८०. झेड८० ला ८०८० चे प्रोग्रॅम चालवता येतील अशी त्याची रचना होती. म्हणजे आकडे तेच. पण झायलॉगने सूचनांची नावं स्वतःची ठेवली.

‘बी’ रजिस्टरमधला मजकूर ‘ए’ मध्ये न्यायचा असेल, तर इंटेलच्या पद्धतीत लिहायचं:

मूव्ह ए, बी

आणि झायलॉगच्या पद्धतीत:

एलडी ए, बी

दोन्हीतून तयार होणारा बाइट एकच, ७८.

‘ए’ मध्ये थेट ५ टाकायचे असतील तर इंटेलकडे त्यासाठी ‘एमव्हीआय’ ही वेगळी सूचना होती. झेड८० मध्ये तिथेही ‘एलडी’ चालायचं. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ८०८५ चं किट हाताळलेल्यांना ‘एमव्हीआय ए’ चांगलंच आठवत असेल. ८०८५ ने ८०८० चीच नावं पुढे चालवली. त्यांच्यासमोर झेड८० चा प्रोग्रॅम ठेवला तर तो परका वाटेल. चिपला मात्र त्यात काहीच परकं वाटणार नाही.

आजचा मोठा घोळ: दोन घराणी

आज डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये ज्या प्रकारचे प्रोसेसर जास्त करून असतात, त्या एक्स८६ साठी असेंब्ली लिहिण्याची दोन मोठी घराणी आहेत. एक ‘इंटेल सिंटॅक्स’ आणि दुसरं ‘एटी अँड टी सिंटॅक्स’.

इंटेल सिंटॅक्सचा उगम सरळ आहे. इंटेलने १९७८ साली ८०८६ बाजारात आणला आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत सूचना ज्या पद्धतीने लिहिल्या, ती इंटेल सिंटॅक्स. १९८१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या मॅसमने हीच पद्धत घेतली. पुढे बोरलँडच्या टॅसमनेही घेतली. १९९६ साली सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी नॅसम आणला. त्यानेही हेच घराणं निवडलं, पण काही नियम बदलून.

एटी अँड टी सिंटॅक्सचा उगम मात्र इंटेलच्या चिपपेक्षाही जुना आहे. एटी अँड टी ही अमेरिकेतली टेलिफोन कंपनी. तिच्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्माला आलं. सुरुवातीच्या काळात ते वाढलं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ या यंत्रावर. त्या यंत्राच्या असेंब्लीत आधी ‘कुठून’ आणि मग ‘कुठे’ असा क्रम होता. युनिक्सच्या लोकांना त्याची सवय झाली. पुढे युनिक्स इंटेलच्या चिपवर आलं, तेव्हा चिप बदलली तरी सवय तीच राहिली.

जीएनयू प्रकल्पाने आपला मोफत असेंब्लर बनवला, तेव्हा युनिक्सवरच्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी त्यानेही हीच पद्धत स्वीकारली. या असेंब्लरला सगळे ‘गॅस’ म्हणतात. लिनक्सवर जीसीसी कंपायलर वापरला की पडद्यामागे हाच असेंब्लर काम करतो.

डॉलरच्या चिन्हामागची गोष्ट

एटी अँड टी सिंटॅक्समध्ये थेट आकड्याआधी डॉलरचं चिन्ह लागतं. का?

पीडीपी-११ च्या मूळ असेंब्लरमध्ये थेट आकड्यासाठी # आणि अप्रत्यक्ष पत्त्यासाठी @ वापरायचे. पण त्या काळी युनिक्सवर टेलिटाइपच्या यंत्रावरून टाइप करत असत आणि तिथे # दाबलं की आधीचं अक्षर खोडलं जायचं. @ दाबलं तर अख्खी ओळच रद्द व्हायची. म्हणजे कोडमध्ये # टाइप करायला गेलं की कोडच खोडला जाणार!

म्हणून युनिक्सच्या असेंब्लरने # च्या जागी $ आणि @ च्या जागी * घेतलं. ती टेलिटाइप यंत्रं कधीच भंगारात गेली. डॉलर आणि तारा मात्र आजही लिनक्सच्या असेंब्लीत जागच्या जागी आहेत.

फरक १: आधी कोण, कुठे की कुठून?

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त फसवणारा फरक हाच.

इंटेल सिंटॅक्स:

मूव्ह ईएएक्स, ५

एटी अँड टी सिंटॅक्स:

मूव्हएल $५, %ईएएक्स

अर्थ एकच, आकडेही तेच पाच बाइट. पण इंटेलमध्ये आधी ‘कुठे’ आणि मग ‘काय’. एटी अँड टीमध्ये आधी ‘काय’ आणि मग ‘कुठे’.

इंटेलचा क्रम शाळेतल्या बीजगणितासारखा आहे. ‘क्ष = ५’ लिहिताना क्ष डावीकडे असतो. सी किंवा पायथन शिकलेल्यांना म्हणूनच तो सोपा वाटतो. एटी अँड टीचा क्रम मराठी वाक्याच्या जवळचा आहे. ‘५ हा आकडा ईएएक्समध्ये ठेव’ असंच आपण बोलतो. वजाबाकीतही तसंच. ‘सबएल %ईबीएक्स, %ईएएक्स’ म्हणजे ईबीएक्स हा ईएएक्समधून वजा कर.

पण तुलनेच्या सूचनेत हाच क्रम गोंधळ घालतो. ही ओळ पाहा:

सीएमपीएल $५, %ईएएक्स
जेजी पुढे

‘जेजी’ म्हणजे मोठं असेल तर उडी मार. डावीकडून वाचणाऱ्याला वाटतं, ५ हे ईएएक्सपेक्षा मोठे असतील तर उडी. प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे. ईएएक्स ५ पेक्षा मोठा असेल तर उडी. दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासताना, विशेषतः सुरक्षेच्या कामात व्हायरसचा कोड वाचताना, ही एक चूक झाली तर सगळा निष्कर्षच उलटा निघतो.

फरक २: टक्के आणि डॉलर

एटी अँड टीमध्ये प्रत्येक रजिस्टरच्या आधी % आणि प्रत्येक थेट आकड्याच्या आधी $ लागतं. इंटेलमध्ये यातलं काहीच नसतं.

टक्क्याचं चिन्ह डोळ्यांना खुपतं, पण त्याचा एक फायदा आहे. सी भाषेत कुणी एखाद्या व्हेरिएबलचं नाव ‘ईएएक्स’ ठेवलं तर? इंटेल पद्धतीत असेंब्लर त्याला रजिस्टरच समजेल. एटी अँड टीमध्ये % असेल तर रजिस्टर, नसेल तर व्हेरिएबल. शंकेला जागाच नाही.

डॉलर विसरला तर मात्र काय होतं ते पाहा:

मूव्हएल ५, %ईएएक्स

या ओळीवर असेंब्लर तक्रार करत नाही. कारण त्याच्या दृष्टीने ती बरोबर आहे. तिचा अर्थ आहे, ‘मेमरीतल्या ५ नंबरच्या पत्त्यावर जे काही आहे ते ईएएक्समध्ये आण.’ तो पत्ता साध्या प्रोग्रॅमला वापरण्याची परवानगी नसते. प्रोग्रॅम सुरू होतो आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून कोसळतो. विद्यार्थी तासभर लॉजिक तपासत बसतो आणि चूक असते एका डॉलरची.

फरक ३: माप कुठे लिहायचं?

किती बाइटवर काम करायचं आहे, हे असेंब्लरला कळायला हवं. रजिस्टर असेल तर त्याच्या नावावरून कळतं. पण मेमरीतल्या जागेवर थेट आकडा लिहायचा असेल तर सांगावं लागतं.

एटी अँड टी हे माप सूचनेच्या शेपटीला जोडतं. बी म्हणजे एक बाइट, डब्ल्यू म्हणजे दोन, एल म्हणजे चार आणि क्यू म्हणजे आठ. म्हणून मूव्हबी, मूव्हडब्ल्यू, मूव्हएल, मूव्हक्यू.

इंटेल घराणं हे माप वेगळ्या शब्दात लिहितं: बाइट, वर्ड, डीवर्ड, क्यूवर्ड. मॅसममध्ये त्यापुढे ‘पीटीआर’ हा शब्दही लागतो. नॅसममध्ये तो लागत नाही.

मॅसम: मूव्ह डीवर्ड पीटीआर [ईबीएक्स], ५
नॅसम: मूव्ह डीवर्ड [ईबीएक्स], ५
गॅस: मूव्हएल $५, (%ईबीएक्स)

फरक ४: मेमरीचा पत्ता

मेमरीतला पत्ता इंटेल घराण्यात चौकोनी कंसात, गणितासारखा लिहितात:

[ईबीएक्स + ईएसआय*४ + ८]

वाचताच कळतं की ईबीएक्समध्ये ईएसआयची चौपट मिळवा, मग ८ मिळवा, तो पत्ता.

एटी अँड टीमध्ये तोच पत्ता असा लिहितात:

८(%ईबीएक्स,%ईएसआय,४)

८ बाहेर, बाकीचे गोल कंसात, मध्ये स्वल्पविराम. बेरीज-गुणाकाराची चिन्हं नाहीत. काय कशात मिळवायचं ते जागेवरून ओळखायचं. नवख्या माणसाला एटी अँड टी नकोसं वाटण्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा हेच असतं.

अप्रत्यक्ष उडी मारतानाही फरक आहे. इंटेलमध्ये ‘जेएमपी ईएएक्स’ पुरतं. एटी अँड टीमध्ये ‘जेएमपी *%ईएएक्स’ लिहावं लागतं. वरच्या टेलिटाइपच्या गोष्टीतला तारा तो हाच.

फरक ५: काही सूचनांची नावंच वेगळी

बहुतेक सूचनांना फक्त शेपटी लागते, पण काहींचं नावच बदलतं. इंटेलच्या पुस्तिकेत ‘सीडीक्यू’ असलेली सूचना एटी अँड टीमध्ये ‘सीएलटीडी’ होते. एक बाइट वाढवून चार बाइट करणारी ‘मूव्हझेडएक्स’ ही ‘मूव्हझेडबीएल’ होते. झेड म्हणजे शून्य भरून, बी मधून एल मध्ये. अशा वेळी इंटेलच्या पुस्तिकेत एटी अँड टीचं नाव शोधलं तर ते सापडत नाही. सूचना तीच असते, पाटी बदललेली असते.

सगळ्यात धोकादायक फरक: एकाच घराण्यातला

इथपर्यंतचे फरक डोळ्यांना दिसतात. टक्के दिसले की कळतं की हे एटी अँड टी आहे. पण मॅसम आणि नॅसम दोघेही इंटेल घराण्यातले. दोन्हींचा कोड सारखाच दिसतो. खरा सापळा तिथे आहे.

समजा मेमरीत ‘गुण’ नावाचं व्हेरिएबल आहे आणि त्यात ७५ आहेत. आता ही ओळ:

मूव्ह ईएएक्स, गुण

मॅसममध्ये याचा अर्थ, ‘गुण’ मध्ये जे आहे ते आण. ईएएक्समध्ये ७५ येतात.

नॅसममध्ये याच ओळीचा अर्थ, ‘गुण’ मेमरीत जिथे आहे तो पत्ता आण. ईएएक्समध्ये एक मोठा आकडा येतो. ७५ हवे असतील तर चौकोनी कंस लावावेच लागतात:

मूव्ह ईएएक्स, [गुण]

मॅसममध्ये पत्ता हवा असेल तर ‘ऑफसेट’ हा शब्द लागतो: मूव्ह ईएएक्स, ऑफसेट गुण. नॅसममध्ये त्या शब्दाची गरजच नाही.

पोस्टाच्या पत्त्याने समजून घ्यायचं तर नॅसमच्या लेखी नुसतं नाव म्हणजे घराचा पत्ता आणि कंस म्हणजे दार उघडून आत पाहणं. मॅसमच्या लेखी नाव घेतलं की दार आपोआप उघडतं.

सुरुवातीला सांगितलेला सात-आठ आकडी नंबर बहुतेक वेळा इथूनच येतो. मॅसमसाठी लिहिलेला कोड नॅसममध्ये टाकला आणि ७५ ऐवजी त्यांचा पत्ताच बेरजेत गेला. असेंब्लरने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या नियमानुसार चूक नव्हतीच.

गॅसची एटी अँड टी पद्धत इथे मॅसमसारखी वागते. नुसतं ‘गुण’ लिहिलं तर आतला मजकूर आणि ‘$गुण’ लिहिलं तर पत्ता. गॅसला इंटेल सिंटॅक्समध्ये वाचायला सांगता येतं, पण तेव्हाही तो नॅसमसारखा नाही, मॅसमसारखाच वागतो.

नॅसमने हा नियम मुद्दाम बदलला. मॅसम प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार लक्षात ठेवतो आणि त्यावरून अंदाज करतो. त्यामुळे एखाद्या ओळीचा अर्थ कळायला व्हेरिएबल कुठे आणि कसं जाहीर केलंय ते शोधावं लागतं. नॅसमचं धोरण असं की ओळ पाहून तिचा अर्थ कळला पाहिजे. कंस आहे म्हणजे मेमरी, नाही म्हणजे आकडा. याच धोरणामुळे नॅसम व्हेरिएबलचं मापही लक्षात ठेवत नाही. ‘मूव्ह [गुण], ५’ लिहिलं तर तो किती बाइट ते विचारतो आणि पुढे जात नाही.

बारीकसारीक, पण अडवणारे फरक

शेरा किंवा कॉमेंट: नॅसम आणि मॅसममध्ये अर्धविराम, लावून शेरा लिहितात. एक्स८६ साठीच्या गॅसमध्ये # लावतात. गॅसमध्ये अर्धविरामाचा अर्थ ‘इथे एक सूचना संपली, पुढची सुरू’ असा होतो. नॅसमचा कोड तिथे टाकला तर शेऱ्यातले शब्द त्याला सूचना वाटतात आणि एररचा पाऊस पडतो.

जागा राखून ठेवणं: दहा बाइट शून्याने भरायचे तर मॅसममध्ये ‘डीबी १० डप(०)’, नॅसममध्ये ‘टाइम्स १० डीबी ०’ आणि गॅसमध्ये ‘.झीरो १०’.

डेटाचा विभाग: मॅसममध्ये ‘.डेटा’, नॅसममध्ये ‘सेक्शन .डेटा’. गॅसच्या बहुतेक आदेशांची सुरुवात टिंबाने होते: .बाइट, .लाँग, .ग्लोबल.

सोळाच्या पाढ्यातले, म्हणजे हेक्साडेसिमल आकडे: मॅसममध्ये शेवटी एच आणि अक्षराने सुरुवात होत असेल तर पुढे शून्य. गॅसमध्ये सुरुवातीला ०एक्स. नॅसम दोन्ही स्वीकारतो.

फंक्शन: मॅसममध्ये ‘प्रॉक’ आणि ‘एंडपी’ अशी जोडी असते. नॅसम आणि गॅसमध्ये साधं नाव आणि पुढे अपूर्णविराम.

चूक माहीत आहे, पण सुधारता येत नाही

एटी अँड टी घराण्यात एक जुनी चूक आजही जपून ठेवलेली आहे. दशांश आकड्यांसाठीच्या जुन्या एक्स८७ सूचनांमध्ये वजाबाकी आणि भागाकाराच्या काही प्रकारांत युनिक्सच्या मूळ असेंब्लरने क्रम उलटा घेतला होता. ‘ख मधून क वजा कर’ असं दिसणारी ओळ प्रत्यक्षात ‘क मधून ख वजा कर’ असं करते.

पण तोपर्यंत जीसीसीसकट अनेक प्रोग्रॅम हीच उलटी पद्धत गृहीत धरून लिहिले गेले होते. चूक सुधारली तर ते सगळे चुकीची उत्तरं देणार. त्यामुळे गॅसने चूक तशीच ठेवली आणि आपल्या अधिकृत माहितीपुस्तिकेत तशी नोंद करून टाकली. असेंब्लीचा सिंटॅक्स एकदा रूढ झाला की तो बदलणं किती अवघड असतं, याचं याहून बोलकं उदाहरण नाही.

कुठे काय चालतं?

लिनक्स कर्नलमधला एक्स८६ असेंब्ली कोड एटी अँड टी पद्धतीत आहे. जीसीसी आणि ऑब्जडंप, जीडीबी ही साधनंही मुळात हीच पद्धत दाखवतात.

विंडोजवर इंटेल घराण्याचं राज्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या साधनांसोबत मॅसम येतो. इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही पुस्तिका इंटेल पद्धतीत आहेत. सुरक्षातज्ज्ञ वापरतात ती आयडा प्रो आणि घिड्रा ही साधनंही एक्स८६ चा कोड इंटेल वळणाने दाखवतात.

व्हिडिओशी संबंधित एफएफएमपेग आणि एक्स२६४ या प्रकल्पांत एक्स८६ साठीचा हाताने लिहिलेला वेगवान कोड नॅसमच्या पद्धतीत आहे.

नव्या भाषांनीही बाजू निवडल्या आहेत. रस्टमध्ये २०२२ साली आलेल्या १.५९ या आवृत्तीपासून कोडमध्येच असेंब्ली लिहिता येते आणि एक्स८६ वर ती मुळात इंटेल पद्धतीची असते. हवं असेल तर एटी अँड टी निवडता येते. गो भाषेचा असेंब्लर मात्र बेल लॅब्जच्याच ‘प्लॅन ९’ या ऑपरेटिंग सिस्टिममधून आलेला, त्यामुळे त्याचा क्रम डावीकडून उजवीकडे.

मोबाइलमधल्या एआरएम प्रोसेसरवर इंटेलसारखाच ‘आधी कुठे’ हा क्रम चालतो. पण तिथेही मेमरीत साठवण्याची ‘एसटीआर’ ही सूचना अपवाद आहे. तिच्यात आधी काय साठवायचं ते रजिस्टर येतं आणि मग पत्ता. शिवाय एआरएम कंपनीच्या जुन्या असेंब्लरमध्ये शेरा अर्धविरामाने सुरू होतो, तर ३२ बिट एआरएमसाठीच्या गॅसमध्ये @ ने.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा फरक अनेकदा शिक्षणाच्या मधल्या टप्प्यावर भेटतो. पदविकेला ८०८६ शिकताना टॅसम किंवा मॅसम वापरलेला असतो. पदवीला, उदाहरणार्थ पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत, लिनक्सवर नॅसम येतो. जुन्या वहीतला कोड नव्या लॅबमध्ये चालत नाही तो यामुळे. पदविकेला शिकलेलं वाया गेलेलं नसतं. कंसांचा नियम तेवढा बदललेला असतो.

समोरचा कोड कुठला, हे झटकन कसं ओळखायचं?

• रजिस्टरआधी % दिसतंय? एटी अँड टी. बहुधा गॅस.
• % नाही, पण ‘पीटीआर’, ‘ऑफसेट’, ‘प्रॉक’ किंवा ‘डप’ दिसतंय? मॅसम किंवा टॅसम.
• % नाही, ‘सेक्शन .डेटा’, ‘टाइम्स’ किंवा ‘रेसबी’ दिसतंय आणि प्रत्येक व्हेरिएबलला चौकोनी कंस आहेत? नॅसम.
• वरती ‘.इंटेल_सिंटॅक्स’ अशी ओळ आहे? गॅसच, पण इंटेल पद्धतीत.
• मूव्ह ऐवजी सगळीकडे ‘एलडी’ दिसतंय? ती एक्स८६ नसून बहुधा झेड८० ची असेंब्ली आहे.

एका पद्धतीतून दुसरीत नेताना

आधी क्रम उलटा करा. मग % आणि $ लावा किंवा काढा. सूचनेची शेपटी काढून माप शब्दात लिहा, किंवा शब्द काढून शेपटी लावा. पत्त्यांचे कंस बदला. शेऱ्याचं चिन्ह बदला. शेवटी आणि सगळ्यात लक्षपूर्वक, प्रत्येक व्हेरिएबलच्या ठिकाणी थांबून स्वतःला विचारा: इथे आतला आकडा हवा आहे की पत्ता?

बऱ्याचदा हाताने बदलायची गरजही नसते. जीसीसीला ‘-मॅसम=इंटेल’ हा पर्याय दिला की तो इंटेल पद्धतीत असेंब्ली लिहून देतो. ऑब्जडंपला ‘-एम इंटेल’ सांगता येतं. जीडीबीमध्ये ‘सेट डिसअसेंब्ली-फ्लेवर इंटेल’ लिहिलं की पुढचं सगळं इंटेल पद्धतीत दिसतं.

आणि बदललेला कोड बरोबर आहे की नाही, याची शंका आली तर एक खात्रीचा उपाय आहे. मूळ कोड आणि बदललेला कोड, दोन्ही आपापल्या असेंब्लरमधून काढा आणि तयार झालेले बाइट शेजारी ठेवून पाहा. क्वचित एकाच कामासाठी दोन असेंब्लर थोडे वेगळे बाइट निवडतात, कारण काही सूचना दोन प्रकारे लिहिता येतात. तेव्हा दोन्ही बाइट एकाच साधनातून पुन्हा असेंब्लीत उलगडून घ्या. सूचना सारख्याच दिसल्या तर अर्थ बदललेला नाही.

मग शिकायची कोणती?

परीक्षेसाठी शिकत असाल तर लॅबमध्ये असेल ती. इंटेलची पुस्तिका हाताशी ठेवून स्वतः लिहायचं असेल तर नॅसम सोपा, कारण त्याचे नियम थोडे आहेत आणि अपवाद कमी. लिनक्स कर्नल वाचायचा असेल किंवा जीसीसीमध्ये असेंब्ली मिसळायची असेल तर एटी अँड टी टाळता येत नाही. सायबर सुरक्षेत जायचं असेल तर लिहिण्यापेक्षा वाचणं जास्त करावं लागतं, आणि तिथे दोन्ही वाचता आल्या पाहिजेत.

दिलासा एवढाच की दुसरी पद्धत शिकायला पहिलीएवढा वेळ लागत नाही. रजिस्टर तीच, सूचना त्याच, स्टॅक तोच. बदलते ती फक्त लिहिण्याची तऱ्हा. दोन्ही पद्धतींच्या शेवटी प्रोसेसरच्या हाती पडतात ते तेच पाच बाइट: बी८ ०५ ०० ०० ००.